कानावरचे थोडे ठेवा

सलूनच्या खुर्चीत बसल्यावर चष्मा काढण्याआधी जो माणूस आरशात स्वतःकडे एकदा डोळे भरून बघून घेतो, आणि मग काढलेला चष्मा ठेवायला जागा शोधत पावडरचा डबा, फवाऱ्याची बाटली आणि शेजारच्या गिऱ्हाइकाचं कोपर एवढं सगळं चाचपतो, तो तुमच्या ओळखीचा आहे. प्रत्येकाच्या ओळखीत त्याचं नाव वेगळं असेल. इथे त्याला 'मायनस चार' म्हणू. केस कापून घेण्यापेक्षा सल्लामसलतीचीच या गृहस्थांना हौस. आधी ते मोबाईलवरचा फोटो दाखवतात. फोटोतल्या नटाला चष्मा नसतो, कपाळ एवढंसं असतं आणि केस हेवा वाटावा इतके असतात. 'असंच करा, फक्त मला चष्मा आहे हे धरून चला,' असं ते बजावतात. धरून चालायचं म्हणजे कात्री नेमकी कुठे चालवायची, हे भल्याभल्या कारागिराला सांगता येणार नाही; तो बिचारा 'करतो ना, काका' म्हणून मोकळा होतो. ते 'काका' गिळून मायनस चार शेवटची सूचना देतात, आणि ती दर महिन्याला एकच असते : 'कानावरचे थोडे ठेवा. काडीला आधार लागतो.'

काडीला केसांचा आधार लागतो हा त्यांचा सिद्धान्त आहे आणि आधी तोच तपासायला हवा, कारण बाकी सगळा डोलारा त्यावर उभा आहे. चष्म्याचा बहुतेक भार नाकावर असतो. तो पुढे घसरू नये म्हणून काडी कानाच्या मुळाशी वाकवलेली असते. काडीच्या आतल्या बाजूला बारीक आकडे छापलेले असतात, ५२, १८, १४० असे काहीतरी : काचेची रुंदी, नाकावरच्या पुलाची रुंदी आणि काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. केसांसाठी तिथे आकडा नाही. महात्मा गांधींच्या डोक्यावर केस जवळपास नव्हतेच, तरी त्यांचा गोल चष्मा दांडीयात्रेत रस्त्यावर पडल्याचं कुणी ऐकलेलं नाही. इतिहासही मायनस चार यांच्या बाजूने नाही. चष्मा इटलीत तेराव्या शतकाच्या अखेरीस आला. त्याला काड्या फुटल्या अठराव्या शतकात, लंडनमध्ये. मधली चारशे वर्षं लोक तो नाकावर चिमटून नाहीतर हातात धरून बसत होते. सुरुवातीच्या त्या काड्याही आखूड असत, कानशिलांवर दाबून बसत, कानापर्यंत पोचतच नसत. तेव्हा कानावरचे केस आणि चष्मा यांचं नातं फार जुनं नाही, आणि जे आहे तेही भांडणाचं. कानावर राखलेले केस काडी खालून उचलते, ते बाजूला पिसारल्यासारखे उभे राहतात, आणि ज्या रुंद चेहऱ्याची गृहस्थांना एवढी काळजी, तो दोन्हीकडून बोटभर आणखी रुंद होतो. माझा संशय असा, की ही मागणी काडीची नाहीच. कान झाकणारे केस सत्तरच्या दशकात अमिताभ बच्चनने घरोघरी पोचवले आणि मायनस चार यांच्या वडिलांनी ते राखले. काडी हे नंतर सापडलेलं कारण.

मात्र सिद्धान्त चुकीचा म्हणून माणूस मूर्ख ठरत नाही. त्यांची खरी अडचण वेगळी आहे आणि ती दृष्टिशास्त्राची आहे. उणे चार नंबरच्या डोळ्याला चष्म्याशिवाय पंचवीस सेंटिमीटरच्या पलीकडचं स्पष्ट दिसत नाही. हिशेब सोपा आहे : एका मीटरला नंबराने भागायचं. उणे दोनला पन्नास सेंटिमीटर, उणे पाचला वीस. त्यात आरसा अंतर दुप्पट करतो. प्रतिबिंब काचेवर चिकटलेलं नसतं. आपण काचेच्या जितके पुढे, तितकंच ते काचेच्या मागे. खुर्चीपासून आरसा तीन फुटांवर असेल तर गिऱ्हाइकाचा चेहरा त्याच्यापासून सहा फुटांवर असतो. म्हणजे मायनस चार यांना स्वतःचा चेहरा स्वच्छ बघायचा तर नाक आरशाच्या साडेबारा सेंटिमीटर जवळ न्यावं लागेल, वीतभरही नाही. तसं करणाऱ्या माणसाचे केस कापता येत नाहीत. मग ते खुर्चीत ताठ बसतात आणि समोरच्या पांढऱ्या कापडावर ठेवलेल्या पुसट तपकिरी गोळ्याकडे जाणत्या नजरेने बघत राहतात. मधूनच 'डावीकडे किंचित' म्हणतात. डावीकडे काय चाललंय याची त्यांना कल्पना नसते. केस किती गेले हे त्यांना मांडीवर पडलेल्या पुंजक्यांवरून कळतं, आणि तेही पुंजके मोठे असले तर.

याची दुसरी बाजू चष्म्याच्या दुकानात आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. नवी फ्रेम घालून बघायची तर जुना चष्मा काढावा लागतो. नव्या फ्रेममधल्या काचांना नंबर नसतो. आरशात तोच तपकिरी गोळा, फक्त आता त्याच्यावर काळी रेघ. मायनस चार काउंटरवरच्या छोट्या आरशाला नाक टेकवतात, एका वेळी एक भुवई तपासतात, आणि शेवटी दुकानदाराला विचारतात, 'कशी दिसते?' दुकानदार म्हणतो, 'तुमच्या चेहऱ्याला हीच.' दुकानाच्या आयुष्यात त्याने दुसरं वाक्य उच्चारलेलं नसतं. तर असा हा सगळा व्यवहार : फ्रेम निवडताना माणसाला चेहरा दिसत नाही आणि केस ठरवताना चेहराही दिसत नाही, फ्रेमही दिसत नाही. चेहऱ्याचा वरचा भाग कारागिराने ठरवला, मधला दुकानदाराने. गृहस्थांच्या वाट्याला मिशी उरते. आणि तरीही आपल्याला काय शोभतं याबद्दल शहरात सर्वांत ठाम मतं त्यांचीच असतात. माझं म्हणणं असं, की ती मतं ठाम आहेत कारण ती तपासून बघायची सोय त्यांना कधी मिळालेलीच नाही.

यावर कुणी म्हणेल, की मग जाणकारांच्या नियमांवर विसंबावं. नियम आहेत आणि ते सगळेच टाकाऊ नाहीत. गोल चेहऱ्याला कोनदार फ्रेम आणि वर थोडी उंची. लांबट चेहऱ्याला उंची नको, बाजू भरलेल्या. जाड काळी फ्रेम असेल तर कपाळ मोकळं, कारण कपाळावरच्या बटा फ्रेमच्या वरच्या कडेला येऊन टेकल्या की भुवया, कपाळ, भाव सगळं गायब होतं आणि चष्माच तेवढा उरतो. साधनाने 'लव्ह इन शिमला'मध्ये (१९६०) रुंद कपाळ झाकायला कपाळावर केस घेतले आणि देशभरच्या मुलींनी ती झुलपं उचलली; पण त्या झुलपांखाली जाड भिंगांचा चष्मा असता तर काय झालं असतं, याचा विचार नियम सांगणारे करत नाहीत. ते फ्रेमबद्दल बोलतात, काचेबद्दल नाही. उणे नंबरच्या काचेमागे डोळे लहान दिसतात. नंबर मोठा असेल तर काचेतून दिसणारी गालाची कड आत सरकते, चेहऱ्याच्या रेषेला तिथे खाच पडल्यासारखी दिसते. ही खाच 'गोल', 'चौकोनी', 'बदामी' अशा कुठल्याच तक्त्यात नाही. शिवाय दोन्ही कान सारख्या उंचीवर असतातच असं नाही. चष्मेवाला फ्रेम गरम करून काडी वाकवतो आणि चष्मा सरळ बसवून देतो. कारागीर मात्र कल्ले कानाच्या मापाने कापतो. मग सरळ चष्म्याखाली एक कल्ला वर, एक खाली, आणि आठवडाभर ऑफिसातले लोक मान तिरकी करून बोलतात. नियम पाळायचा तर केस कापणाऱ्याने चष्मा बघितला पाहिजे, आणि त्या वेळी चष्मा पावडरच्या डब्याशेजारी पालथा पडलेला असतो.

दुसरा आक्षेप : चष्मा घालूनच केस कापावेत. वरचे केस कापून होतात तसे, पण कारागिराला सर्वांत बारीक काम कानामागे आणि कल्ल्यांपाशी असतं, आणि काडी नेमकी तिथेच असते. मायनस चार यांचा हाही प्रयोग करून झालेला असतो. दर दोन मिनिटांनी ते कापडाखालून हात काढतात, चष्मा चढवतात, बघतात, 'कानावरचे ठेवलेत ना?' विचारतात आणि काढतात. चौथ्या खेपेला काचांवर इतके बारीक केस चिकटलेले असतात, की चष्म्यातून दाढीवाला माणूस दिसतो. तिसरा आक्षेप कॉन्टॅक्ट लेन्सचा. लेन्स लावून गेलं तर सगळं लख्ख दिसतं हे खरं, पण जे दिसतं तो चष्म्याशिवायचा चेहरा. ज्यांना एरवी चष्माच लावायचा आहे, त्यांनी लेन्स लावून केस ठरवणं म्हणजे जावयाच्या मापाने सासऱ्याचा कोट शिवणं. मोबाईलची सोय मात्र मान्य करायला हवी. फ्रेम घालून फोटो काढायचा, जुना चष्मा लावून तो बघायचा, हे दुकानात जमतं आणि जमवावं. सलूनमध्ये ते तितकंसं चालत नाही, कारण तिथे बघायची वेळ येते तेव्हा केस जमिनीवर असतात. शेवटी कारागीर मागे आरसा धरतो, मायनस चार चष्मा लावतात, मान डोलावतात. ते मान डोलावणं म्हणजे निकाल असतो असा त्यांचा समज आहे. प्रत्यक्षात ती पोचपावती असते.

पन्नाशीच्या ज्या मंडळींना फक्त वाचायला चष्मा लागतो, त्यांना हे सगळं अतिशयोक्त वाटेल. त्यांना आरशातलं सहा फुटांवरचं बिनचष्म्याचं दिसतं. त्यांनी गप्प बसावं.

हे सगळं लिहून झाल्यावर एक गोष्ट कबूल करावी लागते, आणि ती थोडी नाइलाजाने करतो. शाळेत सहावी-सातवीत फळा दिसेनासा झाला आणि चष्मा लागला, त्यानंतर नंबर वाढत गेलेल्या माणसाने आपला बिनचष्म्याचा चेहरा आरशात चारचौघांसारखा, हातभर अंतरावरून, पुन्हा बघितलेला नसतो. तो चेहरा वाढला, त्याला मिसरूड फुटलं, सुरकुत्या आल्या, नाकाच्या दोन्ही बाजूंना चष्म्याचे दोन लालसर ठसे कायमचे बसले. आणि हे सगळं घरच्यांना, डोळ्यांच्या डॉक्टरला आणि सलूनमधल्या कारागिराला माहीत आहे, एकट्या मालकाला नाही. दर महिन्याला अर्धा तास तो हा चेहरा एका परक्या माणसाच्या हाती सोपवतो. त्या माणसाच्या हातात वस्तरा असतो आणि तो माणूसही त्याला धड दिसत नसतो. इतका विश्वास आपण बँकेवरही टाकत नाही. अशा वेळी बोलायला काहीतरी सूचना असावी, सुकाणूवर आपलाही हात आहे असं वाटावं, म्हणून माणूस कानावरचे थोडे ठेवायला सांगत असेल, तर त्याला हसायचा हक्क आपल्याला नाही. कारागिराला हे आपल्या आधी कळलेलं असतं. तो 'हो, ठेवलेत' म्हणतो आणि चेहऱ्याला जे बरं दिसेल ते कापतो. महिन्याला केस सव्वा सेंटिमीटर वाढतात, तेवढ्यावर दोघांचंही भागतं.

अलीकडे मायनस चार यांच्यातले काही जण लेझरने नंबर काढून घेतात. शस्त्रक्रिया काही मिनिटांची असते आणि नंबर स्थिर झालेला असेल तरच करतात. यांचा तर पंधरा वर्षं स्थिरच असतो. मग ते नव्या डोळ्यांनी सलूनमध्ये जातात. कारागीर नेहमीप्रमाणे फवारा मारून केस ओले करतो. आणि इथे घोटाळा होतो. ओले केस या माणसाने आजवर नीट बघितलेलेच नसतात, कारण न्हाणीघरातही चष्मा काढलेला आणि या खुर्चीतही. आज पहिल्यांदाच सहा फुटांवरून, ट्यूबलाइटखाली, ओल्या केसांच्या मधून चमकणारी टाळू त्यांना स्वच्छ दिसते. भांग डावीकडून उजवीकडे कधी गेला, समोरची बट दर महिन्याला थोडी लांब का राहत होती, पुढचे केस वाळवताना कारागीर एवढा वेळ का घेत होता, हे सगळं त्या एका क्षणात उलगडायला हवं. पण ते म्हणतात, 'तुम्ही माझे केस पातळ केलेत,' आणि पुढच्या महिन्यापासून सलून बदलतात.