अर्धवट गेमची अपडेट्स वाटण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

पूर्ण झालेला गेम लोकांना देणे कोणालाही जमते. खरी कसोटी लागते ती अपुरा गेम, तोही फुकट राबणाऱ्या माणसांना, दर दोन दिवसांनी नव्याने बिघडवून देण्यात. मोबाइलवर गेम करू पाहणाऱ्या होतकरू मंडळींसाठी या शास्त्राचे काही नियम येथे देत आहे. ते काटेकोर पाळल्यास तुमच्या गेममध्ये शेवटपर्यंत एकही चूक सापडणार नाही, याची हमी.

आधी टेस्टर जमवावेत. गूगल प्लेवर तुमचे वैयक्तिक खाते १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेले असेल, तर गेम सर्वांना खुला करण्यापूर्वी बंद चाचणी घ्यावी लागते: किमान १२ टेस्टर, सलग १४ दिवस. पूर्वी हा आकडा २० होता. डिसेंबर २०२४ मध्ये तो १२ वर आला आणि घरटी आठ नातेवाईक सुटले. उरलेले बारा निवडताना गेमची आवड असलेला माणूस कटाक्षाने टाळावा. तो खेळतो, आणि खेळणारा माणूस पुढे प्रश्न विचारतो. त्यापेक्षा आत्या उत्तम. ती गेम उघडते, ‘किती गोड रंग घेतलेस रे’ म्हणते आणि भाजी बघायला जाते. चाचणीतून बाहेर पडू नकोस, एवढे तिला बजावले की पुरे.

आता वाटप. प्ले स्टोअरच्या चाचणी-मार्गाने नवे बिल्ड टाकले तर ते टेस्टरांच्या फोनवर आपोआप पोचते आणि सगळ्यांकडे सहसा एकच व्हर्जन राहते. यात गंमत काय? म्हणून एपीके, म्हणजे फोनवर ॲप चढवणारी फाइल, थेट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावी, शक्यतो सुप्रभातच्या दोन संदेशांच्या मध्ये. फाइलला ‘फायनल’ असे नाव द्यावे. पुढचीला ‘फायनल नवीन’, त्यापुढचीला ‘खरंच फायनल’. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक बिल्डला व्हर्जन कोड नावाचा, चढत जाणारा आकडा असतो. प्ले स्टोअरवर तो २१० कोटींपर्यंत नेता येतो. इतके आकडे फुकट मिळतात म्हणून ते वापरलेच पाहिजेत असे नाही. गेमच्या पहिल्या स्क्रीनच्या कोपऱ्यात तर तो मुळीच छापू नये. मग संवाद असा रंगतो:

‘दादा, घोडा तटबंदीतून आरपार जातोय.’

‘कुठल्या व्हर्जनमध्ये?’

‘फायनलमध्ये.’

‘ते कालच दुरुस्त केलं.’

कोणते फायनल हे दोघांनाही ठाऊक नसल्यामुळे येथे कोणीच खोटे बोललेले नसते.

सहीचा नियम याहून सूक्ष्म आहे. प्रत्येक एपीकेवर एका गुप्त किल्लीने डिजिटल सही केलेली असते. जुन्या ॲपवर नवे चढवताना फोन दोन्ही सह्या ताडून पाहतो आणि त्या जुळल्या नाहीत तर नव्याला दारातच अडवतो. डीबग बिल्डची किल्ली प्रत्येक संगणकावर वेगळी तयार होते. म्हणून सोमवारचे बिल्ड घरच्या संगणकावर करावे, बुधवारचे मित्राच्या लॅपटॉपवर. आणखी बहार हवी असेल तर सहा जणांना प्ले स्टोअरवरून द्यावे आणि सहा जणांना व्हॉट्सॲपवरून. नवा गेम प्ले स्टोअरवरून जातो तेव्हा त्यावर बहुधा गूगलकडच्या किल्लीची सही असते, त्यामुळे या दोन पंथांचा मेळ कधीच बसत नाही. टेस्टरला ‘ॲप इन्स्टॉल झाले नाही’ अशा धर्तीचा त्रोटक संदेश दिसतो, त्यातून त्याला फारसे काही उमगत नाही. त्याने फोन केला की शांतपणे सांगावे, ‘जुनं काढून टाक, मग टाक.’ जुन्यासोबत त्याची सगळी प्रगतीही जाते. मावसभावाने रात्री जागून जिंकलेले गड एका क्षणात मुघलांना परत मिळतात. हा मुलगा पुन्हा तक्रार करत नाही.

अपडेटसोबत काय बदलले ते लिहायचे झाल्यास ‘विविध सुधारणा’ हे दोन शब्द पुरतात. कोणी हरकत घेतलीच तर माइनक्राफ्टचा दाखला द्यावा. २०१० मध्ये त्याचा कर्ता मार्कस पर्सन शुक्रवारी गुपचूप अपडेट सोडत असे आणि नवे काय आले ते खेळाडूंनी शोधायचे असे. ते खेळाडू पदरचे पैसे मोजून, हौसेने शोधायला बसले होते, हा तपशील मात्र सांगू नये.

राहिल्या तक्रारी. इथे ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ या गेममधून धडा घ्यावा. डिसेंबर २०१५ मध्ये त्यात दारूचे गुत्ते आले आणि मांजरे मरू लागली. खेळाडूंनी मांजरे कुठे मरतात, मेलेल्यांच्या अंगावर काय आढळते, हे बारकाईने कळवले. गेमचा कर्ता टार्न अ‍ॅडम्स याने माग काढला तेव्हा कळले, की गुत्त्यात सांडलेली दारू मांजरांच्या पंजांना लागत होती, मांजरे पंजे चाटत होती आणि गेम त्या प्रत्येक चाटण्याला भरलेला पेला धरत होता. बघा, टेस्टर नेमके बोलले की करणाऱ्याला किती कामाला लागावे लागते! तुमच्या टेस्टरांना ‘चालत नाहीये’ याच्या पुढे बोलायची सवय लागू देऊ नये. फोन कोणता, काय करताना बंद पडला, असले चौकस प्रश्न त्यांना विचारूच नयेत. चुकून कोणी स्क्रीनशॉट धाडलाच तर त्यावर अंगठा टाकावा.

चौदा दिवस भरले की गेम खुला करण्यासाठी अर्ज करता येतो. त्यात टेस्टर कसे मिळवले, त्यांनी काय अभिप्राय दिला आणि तो ऐकून गेममध्ये काय बदलले, हे विचारलेले असते. तुम्हाला लिहायला फारसे काही सुचणार नाही, पण घाबरू नये. चाचणी पुरेशी वाटली नाही तर ती आणखी १४ दिवस चालवायला सांगतात. ही बातमी आत्याला फोनवर देऊ नये, समक्ष जावे, आणि जाताना काहीतरी गोड न्यावे.