पंतांची पाठ

मराठी माणसाला जगातल्या कुठल्याही कोरड्या पृष्ठभागाला खोबरेल तेल लावावंसं वाटतं. टाळू, टाचा, दाराच्या बिजागऱ्या, काहीच सुटत नाही. त्यामुळे लेस्टरला मुलीच्या घरी नातीचं कासव पाहून आमची ही पहिलं काय बोलली असेल, ते सांगायला नको. "अगं बाई, पाठ किती कोरडी पडलीय याची! तेलबिल लावता की नाही?"

कासवाचं नाव पंत. जात हर्मन, मूळ वस्ती भूमध्य समुद्राच्या काठी, इटली-ग्रीसकडे. टक्कल, संथ चाल आणि जेवणानंतर कुणाशी न बोलणं, या गुणांवरून जावयांनी हे नाव ठेवलं. ठेवताना ते माझ्याकडे बघत होते, असा मला संशय आहे.

नातीनं बाटली वाटेतच अडवली. "आजी, ती त्याची हाडं आहेत!" मग आमची शिकवणी झाली. पाठीचा कणा आणि बरगड्या सांधून पन्नासेक हाडांचं ते कवच बनतं. त्यावरची नक्षीदार खवलं केराटिनची, म्हणजे आपली नखं ज्याची असतात त्याच द्रव्याची. आत नसा असतात, बोट लावलेलं त्याला कळतं. तेल चोपडलं की धूळ चिकटते आणि बुरशीचं फावतं. स्वच्छतेला कोमट पाणी आणि मऊ टूथब्रश पुरे. उपाय इतका बिनखर्चाचा निघाल्यामुळे हिचा त्यावर विश्वासच बसेना.

मग कवच टणक होतं कशानं? उन्हातल्या यूव्ही-बी किरणांमुळे अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं, त्याच्या मदतीनं खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागतं. यातलं काही कमी पडलं की कवच मऊ किंवा वेडंवाकडं होतं. ही लगेच पंतांना खिडकीतल्या कोवळ्या उन्हात ठेवायला निघाली. तेव्हा कळलं की खिडकीची काच उजेड आत घेते आणि यूव्ही-बी जवळजवळ सगळं बाहेर ठेवते. म्हणून पंतांना खास दिवा. त्याची ट्यूब काही महिन्यांनी बदलावी लागते, कारण निवृत्त साहेबासारखा तिचा झगमगाट टिकतो, पण अधिकार संपलेला असतो.

यात मला दुःख वेगळंच झालं. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा माणसांनाही हिवाळ्यात रोज दहा मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यायला सांगते, आपल्यासारख्या सावळ्या मंडळींना तर वर्षभर. म्हणजे एकाच घरात उन्हाला पारखे झालेले दोन जीव. कासवाला झगझगीत दिवा आणि सासऱ्याला एक गोळी!

कॅल्शियमसाठी पंतांच्या पिंजऱ्यात एक पांढरं, ठिसूळ हाड ठेवलेलं होतं. हिनं ते उचललं, नखानं खरवडलं आणि ओरडली, "अगं, हे तर समुद्रफेन!" माकुलाच्या अंगातलं हाड, आयुर्वेदाच्या दुकानातलं. पाश्चात्त्य विज्ञान आणि आमची ही यांचं एकमत झाल्याचा हा दुर्मीळ प्रसंग.

तो फार टिकला नाही. हिनं वरण-भात कालवला. नातीनं सांगितलं, पंत फक्त पाला खातात, आणि त्यातही लॉनमध्ये आपसूक उगवणारं डँडेलियनचं तण त्यांना विशेष आवडतं. ब्रिटिश शेजारी जे तण औषध मारून जाळतात, ते माझी मुलगी परातीत गोळा करत होती. आणखी एक पथ्य पाण्याचं. पिल्लू कोरड्या हवेत वाढलं तर प्रत्येक खवला टेंगळासारखा वर येतो, आणि एकदा आलेली टेंगळं पुन्हा बसत नाहीत. म्हणून पंत लहान असल्यापासून त्यांना कोमट पाण्यात बसवतात. लेस्टरच्या थंडीत नियमित अंघोळ करणारे त्या घरात ते एकटेच.

हे वाचून कुणाला कासव पाळावंसं वाटलं असेल, तर एक विनंती. आपल्याकडचं स्टार कासव चोरून विकलं जातं, पण ते पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. आणि दिवा, पिंजरा, समुद्रफेन असा खर्च करून आपण त्याला जे देऊ, ते सगळं त्याला गुजरात-आंध्रच्या माळांवर फुकट मिळतं. त्याला तिथेच राहू द्या.