भिंतीची भोकं

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आम्ही परभणीकर पिढ्यान्‌पिढ्या बिनपुराव्याचं मिरवतो. पुरावा मी उभा करणार होतो. अण्णांसाठी पश्चिमेला खोली वाढवायची होती. मे महिन्यात पारा ४४ला टेकतो. म्हणून तिला जर्मनीसारखी दुपदरी भिंत.

मिस्त्रीला समजावलं : आत नऊ इंची, बाहेर चार इंची, मधे दोन इंच पोकळी. ऊन अडतं. बाहेरच्या विटेतून झिरपलेलं पाणी पोकळीतून उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर जातं. फक्त मधे मालाचे लपके पडू द्यायचे नाहीत, नाहीतर त्यांच्यावरून ओल आत येते.

‘‘दोन भिंतींचे पैसे द्यायचे अन्‌ मधे हवा भरायची?’’

मी लॉरी बेकरचं नाव फेकलं. उभ्या विटांच्या पोकळ भिंती बांधून जवळजवळ पाव हिस्सा विटा वाचवणारा माणूस!

‘‘कुठला मिस्त्री?’’

‘‘बर्मिंगहॅमचा. तिरुवनंतपुरमला राहिला.’’

‘‘मंग त्यालाच बोलवा की.’’

ते २००७ सालीच वारले, हे मी सांगितलं नाही.

आमचं जुनं घर माळवदाचं. दोन हात जाड भिंती. मृगाआधी वर पांढरी माती टाकून चोपायची, तरी ते गळायचंच. रात्री अण्णा पोतं पांघरून वर चढत, अंधारात भोक चाचपून पायानं माती दाबत. खालून आई पातेलं सरकवत ओरडे, ‘‘आता इथं गळायलंय!’’ थेंबाच्या आवाजावरून कोणतं भांडं भरत आलंय हे मला अजून सांगता येतं. या विद्येला गिऱ्हाईक नाही.

असो. वास्तुशांतीला प्रत्येक पाहुण्याला मी तळाची भोकं वाकवून वाकवून दाखवली. शेवटी मावशी म्हणाली, ‘‘चांगल्या भिंतीला उंदरांची बिळं कामून ठेवली रे?’’ सगळे हसले. रात्री मी स्वतःच्या हातानं, बॅटरीच्या उजेडात, सगळी भोकं सिमेंटनं बुजवली.

भाद्रपदात आतल्या भिंतीवर ओल चढली. अण्णांनी एका शब्दानं विचारलं नाही, खाट तेवढी हातभर अलीकडे ओढली. विचारलं असतं तर मिस्त्रीवर ढकलता आलं असतं! रात्रभर मी त्यांच्यावरच चिडत राहिलो.

सकाळी पाहतो तर अण्णा बाहेर उकिडवे बसून सायकलच्या तारेनं सिमेंट कोरताहेत. तिसऱ्या भोकातून गढूळ धार थेट त्यांच्या धोतरावर आली.

‘‘गळायलंय!’’ ते आत ओरडले, भलत्याच खुशीत.