आधी भांडवल, मग चिकित्सा

भांडवलशाहीची चिरफाड करायची तर गाठीला भांडवल हवं, हे फ्रँकफुर्टच्या विचारवंतांना पहिल्यापासून ठाऊक होतं. १९२३ साली तिथे समाजसंशोधन संस्था उभी राहिली, ती अर्जेंटिनाच्या धान्यव्यापारात गब्बर झालेल्या हेरमान वाइल यांच्या पैशावर. चिरंजीव फेलिक्स मार्क्सवादी निघाले. वडिलांनी थैली सैल सोडली.

पुढे संस्थेचे संचालक झालेल्या होर्कहायमर यांनी तत्त्वज्ञ, अर्थशास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ अशी मंडळी एका पंगतीला बसवली. १९३३ मध्ये नाझींनी संस्थेला टाळं ठोकलं, तोवर तिची ठेव परदेशात सुखरूप पोहोचली होती. इतका व्यवहार क्रांतिकारकांना क्वचितच जमतो.

खरी गंमत १९६९ ची. ३१ जानेवारीला विद्यार्थी संस्थेच्या इमारतीत घुसले. त्यांतले कित्येक संस्थेचे तेव्हाचे संचालक, तत्त्वज्ञ अडोर्नो यांचंच लिखाण वाचून पेटलेले. गुरुजींनी काय करावं? पोलीस बोलावले! दमनयंत्रणेवर जन्मभर लिहिलेल्या माणसाला तिचा फोन नंबर ऐनवेळी बिनचूक सापडला.

पण म्हणून अडोर्नो यांची पुस्तकं रद्दीत घालू नका. मनोरंजनाच्या कारखान्याबद्दल त्यांनी १९४०च्या दशकात लिहिलेलं आज खिशातल्या मोबाइलला चपखल लागू पडतं. टीका खरी ठरायला टीकाकार धुतल्या तांदळासारखा असावा लागत नाही.