रात्री तीनला सायकल चालवण्याची शास्त्रोक्त पद्धत

साहित्य: एक माउंटन बाइक, एक हेल्मेट, दोन दिवे, एक तंबू, एक कंगवा (लांब दात्यांचा; डोक्यासाठी नव्हे), एक पक्कड आणि चार माणसं. यांतली माणसं जमवणं सगळ्यात अवघड, म्हणून कृतीला तिथूनच सुरुवात करू.

चौघांपैकी एकाला सायकल खरोखर चालवता आली पाहिजे. तो कप्तान. संघ बांधायचं काम त्याचंच, आणि ते दिवाळीच्या फराळाला करायचं असतं. ॲरिझोनात फिनिक्सच्या आसपास मराठी घरं पुष्कळ आहेत. त्यातल्या एखाद्या घरी, तुमच्या एका हातात चकली आणि दुसऱ्यात चहा असताना, म्हणजे नाही म्हणायला हात मोकळा नसताना, तो विचारतो. स्पर्धा फेब्रुवारीत असते. ऑक्टोबरात फेब्रुवारी फार लांब दिसतो. गणपतीची वर्गणी मागणारे हीच वेळ साधतात. फरक इतकाच, की वर्गणी देऊन माणूस सुटतो. आमच्या कप्तानाने असे तिघे गाठले: एक हाडांचे डॉक्टर, एक नागपूरकर आणि मी. डॉक्टरांना घेण्यामागचा हेतू त्याने कधी उघड केला नाही.

पुढची पायरी, घरी कळवणे. ही फोनवर उरकावी.

"बाइकची रेस? अरे, चांगली नोकरी आहे ना तुला?"

"बाइक म्हणजे सायकल गं, आई."

"मग सायकलला सायकल म्हण. किती वेळ असते?"

"चोवीस तास. चौघं मिळून. एक आला की दुसरा जातो."

"रात्री पण? रात्री कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर आजतागायत कोणाला देता आलेलं नाही. इतिहास सांगून वेळ मारून नेता येते, एवढंच. मोटारींची चोवीस तासांची शर्यत फ्रान्समध्ये ल मान्सला १९२३ पासून चालते. तीच कल्पना उचलून लेअर्ड नाइट या गृहस्थांनी १९९२ साली वेस्ट व्हर्जिनियातल्या केनन इथे डोंगरी सायकलींची चोवीस तासांची साखळी शर्यत भरवली. आडनाव इंग्रजीत सरदाराचं असलं, तरी देवनागरीत लिहिलं की रात्रीचंच दिसतं, आणि मला तेच खरं वाटतं. पुढे १९९५ पासून युटामध्ये मोॲबला अशी शर्यत होऊ लागली, ती २०१२ पर्यंत चालली. आपण ज्या शर्यतीला जाणार आहोत, तिचं नाव 'ट्वेंटी-फोर अवर्स इन द ओल्ड प्वेब्लो'. ओल्ड प्वेब्लो हे टुसॉन शहराचं जुनं लाडकं नाव. प्रत्यक्षात शर्यत टुसॉनच्या उत्तरेला, ओरॅकल गावाजवळच्या वाळवंटात असते. शनिवारी दुपारी बाराला सुरू, रविवारी दुपारी बाराला बंद. एक फेरी साधारण १६ मैलांची, म्हणजे २६ किलोमीटरची. ज्या संघाच्या फेऱ्या जास्त, तो जिंकला. ही शेवटची माहिती तुमच्या उपयोगाची नाही.

उपयोगाची आकडेमोड वेगळी. आमच्यासारख्यांना एका फेरीला धरून चाला दोन तास. चोवीस तासांत बारा फेऱ्या, माणशी तीन. म्हणजे तुम्ही सायकलवर सहा तास असणार आणि खुर्चीत अठरा. तरीही नवशिके चार महिने सायकलचाच सराव करतात. खरा सराव असा: थंडीतल्या एखाद्या रात्री मोजे ओले करून फ्रीजमध्ये ठेवा. अडीचचा गजर लावून उठा. ते मोजे घाला, डब्यातला गार भात उभ्याने खा, अंगणात जाऊन पाऊण तास कोणाची तरी वाट बघा. मग बघायला कोणी आलं नाही तरी आत येऊ नका. हे आठवड्यातून दोनदा जमलं, की सायकल आपोआप येते.

सायकलबद्दल थोडक्यात. टायर ट्यूबलेस हवेत आणि आत सीलंटचं पातळ औषध भरलेलं हवं, कारण त्या वाटेवर काटे मोजायचे नसतात. हवा जरा कमी ठेवा. दिवे दोन: एक हँडलला, एक हेल्मेटला. नुसता हेल्मेटचा दिवा डोळ्यांच्या अगदी जवळ असल्यामुळे दगडाची सावली दिसत नाही आणि सगळा रस्ता सारवल्यासारखा सपाट वाटतो. नुसता हँडलचा दिवा वळणावर तुम्हाला सोडून सरळ बघत राहतो. बॅटऱ्या थंडीत लवकर बसतात, तेव्हा जादाची बॅटरी अंगाशी, कपड्यांच्या आत ठेवावी. फेब्रुवारीत तिथे सूर्य सहानंतर लगेच मावळतो आणि सातच्या सुमाराला उगवतो. चोवीसांतले तेरा तास अंधार. 'डे-लाँग' रेस म्हणून कप्तानाने जे गळ्यात घातलं, त्यात डे अकराच तासांचा असतो.

खाण्यात भेसळ करू नये. दुकानात जेलच्या पुड्या मिळतात. चव खोकल्याच्या औषधाची. संक्रांतीचे उरलेले तिळाचे लाडू तोवर दगड झालेले असतात, पण खिशात फुटत नाहीत हा त्यांचा गुण. रात्रीसाठी मेतकूट-भात. नागपूरकराने पिशवीभर संत्री आणली होती आणि प्रत्येकाला देताना तो बजावत होता, "हे संत्रं नोहे बरं. आंबट लिंबू आहे. दुसरं भेटलंच नाही म्हणून आणलं."

शर्यत पळत सुरू होते. ही ल मान्सचीच जुनी तऱ्हा: आधी धावत जायचं, मग वाहनावर बसायचं. मोटारवाल्यांनी ती १९६९ नंतर सोडली, कारण धावत आलेले चालक पट्टा न लावताच सुटत. सायकलला पट्टाच नसतो, म्हणून इकडे ती टिकून आहे. सायकलच्या बुटांना तळाशी धातूची खिट्टी असते. शेकडो माणसं ते बूट घालून वाळवंटातल्या वाटेवर धावू लागली, की वरातीतले घोडे उधळल्यासारखा आवाज येतो. पहिली फेरी कप्तानाला द्यावी. आग्रह करावा लागत नाही.

वाटेच्या सुरुवातीलाच जीपच्या रस्त्याचे सलग चढउतार लागतात. त्यांना इथले लोक कुत्रीच्या जातीवरून एक नाव देतात, ते मराठी मासिकात छापण्यासारखं नाही, आणि तिसऱ्या चढावर तुम्हाला ते स्वतःहून सुचेल. त्यापुढे एका सायकलीपुरती वाट, आणि दोन्ही बाजूंना निवडुंग. आपल्या गावाकडचा कुंपणाचा फड्या निवडुंग मूळचा अमेरिका खंडातला. म्हणजे तुम्ही त्याच्या माहेरी आला आहात, आणि माहेरी त्याची भावंडंही आहेत. हात वर करून उभा असतो तो सावारो. त्याला पहिला हात फुटायलाच कित्येक दशकं जातात, त्याला तुमची घाई नाही. भ्यायचं ते चोयाला. दिसायला केसाळ, उन्हात सोनेरी, लहान मुलाला हात लावावासा वाटेल असा. त्याची कांडी नुसत्या धक्क्याने सुटून अंगाला चिकटते. लोक म्हणतात तो उडी मारतो. मारत नाही. उडी तुम्हीच मारता.

ती अशी मारायची: मागून वेगवान माणूस येतो आणि ओरडतो, "ऑन युअर लेफ्ट!" त्याचा अर्थ, मी डावीकडून पुढे जातोय. नवशिका डावीकडे बघतो. सायकल जिकडे नजर तिकडे जाते. माझ्या पहिल्या फेरीत, संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला, मी असाच डावीकडे बघितलं. उठलो तेव्हा काही झालेलं दिसलं नाही. सीटवर बसलो तेव्हा कळलं. उरलेले दोन किलोमीटर मी पेडलवर उभा राहून आलो. कडेचे लोक टाळ्या वाजवत होते, त्यांना तो जोर वाटला.

आता कंगवा. चोयाच्या काट्यांना उलटे, बारीक आकडे असतात. हाताने ओढलात तर हातही अडकतो आणि मग दोन ठिकाणी उपचार लागतात. तंबूत पालथं झोपावं. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर घेतला, कंगव्याचे दाते कातडी आणि कांडी यांच्या मध्ये अलगद सरकवले. नागपूरकर बॅटरी धरून होता.

"हलू नको बे."

"कंगवा कोणाचा आहे?"

"तुझाच."

डॉक्टर म्हणाले, "तीन म्हटल्यावर काढतो," आणि एकलाच हिसका दिला. कांडी तंबूच्या अंधारात कुठेतरी उडाली. मागे राहिलेले नऊ काटे पकडीने एकेक करून निघाले. प्रत्येक काट्याबरोबर कातडी तंबूच्या कापडासारखी वर उचलली जात होती आणि सुटताना टक असा बारीक आवाज येत होता. एक सूचना: कांडी हिसकताना समोर काय आहे ते आधी बघून घ्यावं. आमची कप्तानाच्या झोपायच्या पिशवीत गेली होती. तो तेव्हा फेरीवर होता. साडेदहाला झोपायला गेल्यावर त्याला कळलं.

झोपेविषयी मार्गदर्शन करण्यासारखं काही नाही.

आता मुख्य भाग, बदलीचा तंबू. साखळी शर्यत म्हटलं की लोकांना सायकल आठवते. सायकल वाळवंटात असते. शर्यत या तंबूत असते. फेरी संपवून आलेला गडी इथे येऊन पुढच्याच्या हातात लाकडी काठी देतो. वीतभर काठी. शाळेतल्या रिले शर्यतीची ऐट तिला नाही. ती वाटेत कुठे खोचून आणली होती याची चौकशी करू नये. ती कोमट असते एवढं पुरे.

कप्तानाच्या तक्त्याप्रमाणे नागपूरकर दोनला येणार होता. मी पावणेदोनला सगळे कपडे चढवून हजर. गोठण्याच्या जवळ गेलेली थंडी. तंबूत माझ्यासारखेच पंधरा-वीस जण, कोणी गोधडी पांघरून, कोणी हेल्मेट घालून उभ्यानेच डुलक्या घेत. बाहेर दिवा दिसला की सगळ्यांच्या माना एकदम वर. दिवा आत येतो, धुळीने भरलेला कोणीतरी आकडा ओरडतो, एक जण पुढे होतो, बाकीच्या माना परत खाली. एसटी स्टँडवर आपली सोडून सगळ्या गाड्या लागतात, तसं.

पहिली दहा मिनिटं तुम्ही त्याच्या वेगाचा हिशेब करता. पुढची वीस मिनिटं त्याच्या घराण्याचा उद्धार. सव्वादोन, अडीच. तो झोपला असेल कुठेतरी. संत्री सोलत बसला असेल. पावणेतीनला मात्र तुम्ही हळूच फोन काढून बघता, की त्याच्या बायकोचा नंबर आपल्याकडे आहे ना. आहे. मग फोन परत ठेवता आणि दाराशी जाऊन उभे राहता, खुर्चीत बसवत नाही. शेजारी एक उंच, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ आपल्या मुलीची वाट बघत होते. त्यांनी मला थर्मासमधली कॉफी दिली. मी त्यांना लाडू दिला. त्यांनी तो दाताने फोडायचा प्रयत्न केला आणि मग सभ्यपणे खिशात ठेवला.

दोन पन्नासला एक दिवा आला तो चालत. चेन तुटली होती. जोडायची कडी माझ्या खिशात होती. दुरुस्तीचं सामान मी नेलेलं त्याला माहीत होतं, मला नव्हतं. चढावर सायकल ढकलत, उतारावर तिच्यावर नुसतं बसून तो आला होता. मी पाऊण तास जे बोलायचं ठरवलं होतं, त्यातलं काहीच बोललो नाही. त्याने काठी दिली.

"वाळूचा पट्टा आहे तिकडं. उजव्या बाजूनं घे. डावीकडं बघू नको बे."

त्यानंतर पहाटे तीनला सायकल चालवायची पद्धत: जे दिव्याच्या गोलात येईल त्यावरून जायचं. तेवढंच जग असतं. सावारो अंधारात लिफ्ट मागणाऱ्या माणसांसारखे दिसतात, थांबू नये. फेरीच्या शेवटाजवळ एक मोठा खडक आहे, त्यावरून सायकलीसकट खाली उतरायचं असतं. दिवसा तिथे बघ्यांची गर्दी आणि आरडाओरडा असतो. बाजूने सोपी वाट ठेवलेली आहे. ती घ्या. पहाटे पावणेपाचला हिणवायला तिथे दोनच माणसं असतात, आणि त्यांच्या साक्षीवर कोणी विश्वास ठेवणार नाही.

शेवटचा नियम फार महत्त्वाचा, आणि तो मी पुस्तकातून शिकलेलो नाही. बाराच्या आत फेरी संपवून आलात, तर तुमचा पुढचा गडी आणखी एका फेरीला निघू शकतो आणि ती धरली जाते. म्हणजे तंबू आवरायचा दोन वाजता. बारानंतर आलात, तर शर्यत संपली. आमची बारावी फेरी माझी होती. उजेडात, वारा पाठीशी घेऊन, आयुष्यात पहिल्यांदा मी वेगात आलो आणि शेवटच्या वळणापाशी घड्याळ बघितलं: ११:४७. वाटेच्या कडेला पाच-सहा जण सायकली आडव्या टाकून बसले होते. एकाने सरकून जागा करून दिली.

तिथून दोरीपलीकडचं स्पष्ट दिसत होतं. कप्तान हेल्मेट घालून उभा होता आणि दोन्ही हातांनी मला बोलावत होता. त्याच्या मागे खुर्चीत डॉक्टर आणि नागपूरकर, तेही हात हलवत होते, पण 'बस, बस' असे. मी हात वर करून कप्तानाला ओळख दाखवली आणि खिशातलं संत्रं काढून सोलायला घेतलं.

आंबटच होतं.