फुकटची शिकवणी

स्थानिक आणि हंगामी खाण्याची साथ शहरात जोरात आहे. बारा महिने तेरा काळ फ्लॉवर-मटार शिजवणाऱ्या घरांतूनही आता 'आपली भाजी आपणच पिकवू' असे हुंकार ऐकू येतात. त्यासाठी अर्थातच कार्यशाळा असते. फी नऊशे नव्याण्णव, चहा-बिस्किटं त्यातच. निघताना हातात एक किट ठेवतात. कोकोपीटची वीट, प्लास्टिकची कुंडी, संकरित टोमॅटोचं पाकीट आणि इवलासा फवारा. कोकोपीट दक्षिणेतून आलेलं, कुंडी कारखान्यातली, बी कंपनीचं. त्यात स्थानिक म्हणावं असं एकच, तुमचे पैसे. शिवाय ते संकरित बी पुढच्या वर्षासाठी राखून पेरलं तर तसंच उगवेल याची खात्री नाही. म्हणजे स्वावलंबनाच्या दुसऱ्या हंगामाला पुन्हा दुकानात हजर.

तेवढ्यावर भागत नसेल तर मायक्रोग्रीन्सचा पुढचा वर्ग आहे. आठ-दहा दिवसांची कोवळी रोपं कात्रीने कापायची, कोशिंबिरीवर भुरभुरवायची आणि फोटो टाकायचा. मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या वाळूत हे पीक कितीतरी वर्षं निघतंय. मेथीदाणा दाट पेरायचा, बोटभर वाढला की मुळासकट उपटून चिमुकल्या जुड्या बांधायच्या. समुद्रमेथी म्हणतात तिला. चार पाण्यांतून काढली तरी दाताखाली वाळूचा एखादा कण येतोच. तिला पारदर्शक डबी मिळाली नाही, म्हणून ती अजून भाजीच राहिली.

पण खरी शाळा भरते ती पावसाच्या तोंडावर. आता कुठल्याही दिवशी ठाणे, कल्याण, पनवेल, पालघरच्या बाजारांत शेवळं दिसू लागतील. मिटलेल्या छत्रीसारखे जांभळट-तपकिरी कोंब. या भाजीला अडाणीपणा खपत नाही. नीट केली नाही तर घसा असा खाजतो की जेवणारा करणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. म्हणून फुटपाथवर गोणपाट पसरून बसलेली ठाकर किंवा कातकरी बाई जुडी देण्याआधी तुमचं तोंड बघते आणि नवखं दिसलं की सुरू करते, "ताई, ह्ये वरचं सोलून घे. आतल्या दांड्याचा पिवळा दाणा दाणा काढून टाक, नायतर खाजंल. बारीक चिर, तेलावर चांगलं परत. अन् ही काकडं घे. ठेचून रस घाल यांचा." काकडं म्हणजे हिरवी, गोल, आंबट रानफळं. ती शेवळांच्या शेजारीच मांडलेली असतात. खाज कॅल्शियम ऑक्सलेटच्या सुयांची, आणि आंबट पडलं की ती बाधत नाही, हे तिला कुठल्या प्रयोगशाळेने शिकवलेलं नाही. आईने शिकवलं. वनस्पतीची ओळख, विषारी भाग, सोलणं, शिजवणं, उतारा, असा अख्खा अभ्यासक्रम दोन मिनिटांत संपतो. प्रमाणपत्र नाही, पीपीटी नाही.

यावर नऊशे नव्याण्णव भरून आलेल्या ताई काय म्हणतात? "वीसला दोन दे."

पुढे टाकळा येतो, कुलू येते, भारंगी येते. भारंगीचा पाला उकडून पिळून घ्यायचा, नाहीतर कडू जहर. कर्टुली येतात आणि भाव ऐकून बरेच जण परत फ्लॉवरकडे वळतात. यातली बहुतेक भाजी कुणी पेरत नाही. तिची शेती म्हणजे ती कुठे, कधी आणि किती खुडायची याचं भान. कंद उपटला तर पुढच्या वर्षी काय, हे ती बाई बरोबर जाणते.

सरकारलाही हे ठाऊक आहे. 2020 पासून कृषी विभाग 9 ऑगस्टच्या, म्हणजे जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास रानभाजी महोत्सव भरवतो. चांगलंच आहे. फीत कापली जाते, मान्यवर हातात कर्टुली धरून हसतात. महोत्सव उरकला की तीच बाई पुन्हा फुटपाथवर, आणि अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की तिथूनही उठते.

आपले सणसुद्धा या विषयाची उजळणीच घेत होते. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून परसातलं अळू, माठ, पडवळ, शिराळी, काकडी एका पातेल्यात. आता शेतातून बैलच गेला आणि ट्रॅक्टर आला. त्या हिशेबाने ब्रोकोलीसुद्धा ऋषीची भाजी ठरते. कळू देऊ नका कुणाला.

एकमेकांकडून शिकण्याची रीत महाराष्ट्राला नवी आहे असंही नाही. गणित शिकवणाऱ्या श्री. अ. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. ज्याने प्रयोग केला तो त्या दिवसापुरता गुरुजी, एवढा साधा नियम. पालापाचोळा, उसाची चिपाडं, स्वयंपाकघरातला ओला कचरा यांवर गच्चीत भाजी काढायचा रस्ता त्यांनीच दाखवला. (आज हा प्रस्ताव सोसायटीच्या सभेत मांडा. 'गच्चीत पाणी मुरेल' या एका वाक्यात तो गारद होतो. पार्टीचा मांडव मात्र चालतो.) अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेची पायरी चढल्या नाहीत. वाल-घेवड्याचे गावठी वाण त्यांनी जपले, इतरांना बी दिलं, बियाण्यांची बँक उभी केली, आणि 2020 ची पद्मश्री घरी आली. म्हणजे ज्यांच्याकडे विद्या आहे त्यांचा पत्ता आपल्याला माहीत असतो. फक्त तिथे चहा-बिस्किटं नसतात.

कार्यशाळेला जरूर जा, कुंडीतला टोमॅटोही लागो. पण शेवळं थोडेच दिवस मिळतात. यंदा जुडीचा भाव करू नका, कृती विचारा. आणि काकडं तिने "असू दे" म्हणून नुसतीच पिशवीत टाकली, तर त्याचेही पैसे द्या.