प्रश्नसंचातल्या ५८ वर्षांच्या गृहस्थांस

श्रीयुत ५८ वर्षांचे पुरुष,
मु. पो. प्रश्नसंच, यांस

स. न. वि. वि.

गेले पाच महिने आपण रोज रात्री भेटतो. इतकं बोलणं माझं नवऱ्याशीही होत नाही. मी मूळची सांगलीकडची. न्यू जर्सीत बारा वर्षं वॉर्डात नर्स आहे आणि आता प्रौढ-वृद्धांच्या प्राथमिक उपचारांची नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं डोक्यात घेतलंय. त्याची परीक्षा आहे, म्हणून मुलं झोपली की सरावाला तुमच्यासमोर येऊन बसते. तुम्ही कधी ५८ वर्षांचे असता, कधी ७२ वर्षांची बाई, कधी १९ वर्षांचा कॉलेजकुमार. बोलण्याची ढब मात्र तीच, त्यामुळे सगळ्यांना मी तुमच्याच घराण्यातलं धरते.

काय तुमची शिस्त! एका वेळी एकच आजार आणता. रात्री बिअर आणि कोळंबी झाली की पहाटे पायाचा अंगठा लालभडक: गाऊट. रक्तदाबाची नवी गोळी सुरू केली की काही आठवड्यांत कोरडा खोकला घेऊन हजर, गोळीचं नाव स्पेलिंगसकट तोंडपाठ. कनेटिकटच्या रानात फिरून आलात की मांडीवर नेम धरायच्या फळीसारखा गोल चट्टा. सिगारेटचं विचारलं तर म्हणता, "रोज एक पाकीट, तीस वर्षं." पाढेसुद्धा सोपे देता हो! पाकिटं गुणिले वर्षं, आकडा वीसच्या वर, वय ५० ते ८० च्या मध्ये, सोडून पंधरा वर्षं झालेली नाहीत. फुप्फुसांचा सीटी स्कॅन लिहिला की मी मोकळी.

आता मी जिथे शिकाऊ म्हणून जाते, त्या क्लिनिकमधल्या मावशींचं ऐका. लेकाकडे राहायला आलेल्या, वय "सत्तर असेल बघ". तंबाखूचं विचारलं तर म्हणाल्या, "छे गं बाई, आपल्यात नाही चालत." गोळ्या कोणत्या? "एक पांढरी, एक गुलाबी, आणि जावेच्या उरल्या होत्या त्या." वीस मिनिटांची वेळ संपली, त्या उठल्या, पदर सावरला आणि सहज म्हणाल्या, "मिश्री लावते तेवढी. सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही." आता मिश्रीची पाकिटं किती धरू? दाराच्या कडीला हात घातल्यावर शेवटचं आलं: "आणि हो, परवा जिना चढताना छातीत जरा धरल्यासारखं झालं होतं." मग पुन्हा बसवलं, ईसीजी काढला, आणि बाहेरचे तीन पेशंट घड्याळाकडे बघत राहिले. तुम्ही असता तर छातीचं पहिल्याच ओळीत सांगितलं असतं, कळ डाव्या हातात जाते हेही न विचारता.

तुमची दुसरी खोड म्हणजे 'सर्वांत आधी'. चारही पर्याय बरोबर, पण सर्वांत आधी काय कराल? ह्याने माझं घर बिघडलंय. परवा दूध उतू जात होतं. मी ओरडले, "गॅस बंद कर!" तर बारा वर्षांचा मुलगा जागचा न हलता म्हणतो, "आई, तूच म्हणतेस ना, आधी रुग्णाची नीट तपासणी, मग कृती." ओटा मीच पुसला.

आता आमच्या परीक्षेचंच 'सर्वांत आधी' विचाराल, तर १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ह्या नर्सबाई आणि हेन्री सिल्व्हर हे डॉक्टर ह्यांनी नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम काढला, तो मुलांच्या तब्येतीसाठी. तेव्हा तुमचा जन्म व्हायचा होता, म्हणून बिचाऱ्यांना सुचलं. आता मुलांची परीक्षा वेगळी. आमच्या वाट्याला किशोरवयापासून शंभरीपर्यंतची माणसं. पूर्वी प्रौढांचं आणि वृद्धांचं सर्टिफिकेट निराळं असायचं, मग दोन्ही एकत्र शिवली. म्हणजे एका पानावर मुरमं, पुढच्या पानावर म्हाताऱ्यांना देऊ नयेत अशा औषधांची यादी. परीक्षा घेणाऱ्या संस्थाही दोन. एकीचे प्रश्न १७५ आणि वेळ साडेतीन तास, दुसरीचे १५० आणि तीन तास. पहिलीत धोरण-संशोधनाचे प्रश्नही येतात म्हणून मैत्रिणी दुसरीकडे वळतात. मी पहिलीचा अर्ज भरला. का भरला, हे विचारू नका; नवराही विचारून दमला.

ती औषधांची यादी मात्र एकदा घरी उपयोगाला आली. व्हिडिओ कॉलवर बाबांच्या उशाशी सर्दीच्या गोळ्यांची पट्टी दिसली. "सर्दी कुठाय? झोप छान लागते म्हणून घेतो." वय ७६, प्रोस्टेट वाढलेलं, रात्री दोनदा उठणं. गोळीने लघवी अडते, तोल जातो, हे मी सांगितलं. "तू डॉक्टर झालीस का?" म्हणाले. पट्टी उचलून कॅमेऱ्याबाहेर ठेवली. टाकली नाही, ठेवली.

आणि एक गोष्ट नाइलाजाने कबूल करते. मागच्या महिन्यात क्लिनिकात एक गोरी आजी आली होती, दातांच्या डॉक्टरचं नाव विचारायला. बेगल चावताना जबडा भरून येतो म्हणे. टोपी काढताना तिने डोक्याला जपून हात लावला, आणि मला तुमच्या घराण्यातली ७२ वर्षांची बाई आठवली. "केस विंचरताना दुखतं का?" दुखत होतं. कानशिलाची रक्तवाहिनी सुजली तर नजर कायमची जाऊ शकते, म्हणून माझ्या मार्गदर्शक बाईंनी तुकड्याच्या तपासणीची वाट न बघता त्याच दिवशी स्टिरॉइड सुरू केलं. आजी दोन आठवड्यांनी परत आली, तेव्हा बेगल खात होती. तुमच्या प्रश्नात हे सगळं अडीच ओळींत मांडलेलं होतं. तिला ते सांगायला पाऊण तास लागला, त्यातला अर्धा तास मांजराबद्दल.

तर परीक्षेच्या दिवशी कृपया असेच या, जसे नेहमी येता. जावेच्या गोळ्या आणू नका. सध्या इतकंच. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
रात्री बाराची एक परीक्षार्थी

ता. क. त्या १७५ पैकी २५ प्रश्नांचे गुण धरतच नाहीत, ते म्हणे पुढच्या परीक्षांसाठी चाचपून बघतात. कोणते, ते सांगत नाहीत. तुम्ही त्या पंचवीसांतले असाल, तर आत येताना डावा कान खाजवा. मी 'क' लिहून पुढे जाईन.